ड्रायर जळाला: तिसरी नोटीस नको, तक्रार दाखल करा

ठाण्याच्या एका ताईंचे पत्र आहे. कंपनीच्या माणसाने कपड्यांचा ड्रायर कन्व्हर्जन प्लग (जाड पिनांचा प्लग साध्या पॉइंटमध्ये बसवणारा जोड) लावून साध्या पॉइंटवर चालू करून दिला. महिन्याभरात पॉइंट वितळला, मशीनचे कार्डही (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेले. ‘घरच्या वायरिंगचा दोष’ म्हणत कंपनीने हात झटकले. आता तिसरी नोटीस धाडू का, असे त्या विचारतात.

नको. आधीच्या दोन नोटिसांत बावीस महिने घालवलेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. नोटिसा आणि ईमेल यांनी ही मुदत पुढे सरकत नाही. नकाराच्या पत्रापासून मोजा, असे कोणी सुचवेल. त्या वादात शिरू नका, पॉइंट जळाला ती तारीख धरा. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण ‘उत्तराची वाट पाहत होते’ हे कारण ग्राहक आयोगाला पटेलच असे नाही. तक्रारीआधी नोटीस द्यायची सक्तीही नाही.

ड्रायर 2,400 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 10.4 अँपिअर, तेही तास-दीड तास. पॉइंट 6 अँपिअरचा. मशीनचा 16 अँपिअरचा प्लग जाड पिनांचा असतो, तो अशा पॉइंटमध्ये शिरू नये म्हणूनच. कन्व्हर्जन प्लगने पिना बसल्या, सॉकेट होते तेवढ्याच ताकदीचे राहिले. ‘एमसीबी (जादा करंट आला की आपोआप बंद पडणारा स्विच) पडली नाही, म्हणजे लोड ठीक होता’ हा कंपनीचा मुद्दा टिकणारा नाही. 10 अँपिअरची घरगुती एमसीबी 11.3 अँपिअरपर्यंत तासभर पडू नये अशीच बनवतात. तेवढ्यात सॉकेटची पकड तापून सैल होते, आणि सैल पकड आणखी तापते.

तेव्हा तो प्लग कोणी लावला, हे जॉबशीटवरून (कंपनीच्या माणसाने केलेल्या कामाची नोंद) दिसायला हवे. तुम्ही ती न वाचताच सही केलीत! ‘ग्राहकाने प्लग दिला’ असे तीत असेल तर काम अवघड. नसेल तर मशीनची किंमत सेवेतील त्रुटी म्हणून मागा. उत्पादन दायित्वाखाली (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई) नको, कारण तिथल्या ‘हानी’त खुद्द वस्तूचे नुकसान धरत नाहीत. किती मिळेल ते आज सांगणे कठीण. मशीन पाच लाखांच्या आतले असल्याने तक्रारीला फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती दाखल होते. निकालासाठी कायद्यात तीन महिने लिहिलेत. ते वाचून कॅलेंडरवर खूण करू नका.

जळका सॉकेट आणि कन्व्हर्जन प्लग पिशवीत बंद करून ठेवा, प्लगवर कोरलेल्या अँपिअरच्या आकड्याचा जवळून फोटो काढा. त्यानंतरच परवानाधारक ठेकेदाराकडून डीबीपासून (घरातली एमसीबींची पेटी) स्वतंत्र लाइन ओढून घ्या: 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, त्याला स्वतःची 16 अँपिअरची एमसीबी. अर्थिंग न्यूट्रलवरून जोडून देऊ लागला तर काम थांबवा. आणि बिलावर वायरची जाडी लिहून घ्या.