बाबांचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर जात नाही: फॉरमॅटच्या आधी हे करून बघा

ताई, नमस्कार. तुम्ही जे लिहिलंत त्यातून मला कळलं ते असं. इंदूरच्या लोकमान्य नगरला बाबांकडे दहाव्या पिढीच्या आय-थ्रीचा डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी, त्यावर विंडोज १०. विंडोज ११ वर न्यायला गेलात तर आधी ८००७००७० हा कोड आला. जागा मोकळी केलीत, मग गाडी बरीच पुढे गेली, मशीन एकदा रीस्टार्ट झालं आणि शेवटी सगळं उलटं फिरून विंडोज १० च परत आलं. आता कोड येतो सी१९००१०१ आणि त्याच्या पुढे ३००१८. (कोडच्या सुरुवातीला येणारं शून्य-एक्स मी दोन्हीकडे सोडून देतो.) दुकानातला मुलगा म्हणतो फॉरमॅट मारू. बाबांचं वीस वर्षांचं लिखाण त्यात आहे, तेही कृती देव फॉन्टमध्ये, म्हणून तुमचा जीव वरखाली होतोय.

फॉरमॅट करू देऊ नका. गरजच दिसत नाही. आणि त्या लिखाणाचं आधी बघा, अपडेटचं नंतर.

कृती देव हा युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा फॉन्ट. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट काढून घेतला की ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी रोमन अक्षरं दिसतात. म्हणजे नुसत्या वर्डच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन भागत नाही, फॉन्टही घ्यावा लागतो, आणि तो बसलेला असतो सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये. फॉरमॅटमध्ये तोच आधी जातो.

हे मी रामबागेत आत्याकडे शिकलो. तिने भजनी मंडळाचे अभंग, प्रत्येकाखाली स्वतःचं दोन-चार ओळींचं निरूपण, असं सगळं टाइप करून ठेवलं होतं. मी सगळ्या फायली नीट उतरवून घेतल्या, मशीन फॉरमॅट केलं, फायली परत टाकल्या. तिने पहिली फाइल उघडली आणि पडद्याकडे बघत राहिली. पानभर रोमन अक्षरं. तिचा फॉन्ट कुठल्याशा टायपिंगवाल्याने बसवून दिलेला होता, त्याचं नावही धड कुणाला ठाऊक नव्हतं. पुष्कळ शोधूनही मिळाला नाही. ज्या पानांचे प्रिंट होते ती आम्ही पुन्हा टाइप केली. ज्यांचे नव्हते ती गेली. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी कुणाच्याही मशीनला हात लावायच्या आधी फॉन्ट्सचं फोल्डर उतरवून घेतो.

तेव्हा बाबांचं डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि फॉन्ट्स, तिन्ही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. घरात जुनी लॅपटॉपची हार्ड डिस्क पडलेली असेल तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये तिच्यासाठी यूएसबी केसिंग मिळेल, नवी डिस्क घ्यायची गरज नाही. शक्य तिथे महत्त्वाच्या लेखांची पीडीएफही करून ठेवा, तिला फॉन्ट लागत नाही. मग कृती देव तुमच्या लॅपटॉपवर बसवा आणि बाबांच्या दोन-तीन फायली तिथे उघडून बघा. नीट वाचता आल्या तरच पुढे जा.

आता कोडकडे. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड लागोपाठ आले, ते एकच समजू नका. पहिला, ८००७००७०, म्हणजे डिस्कवर जागा नाही. १२० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये १११ च्या आसपास दिसते, त्यात विंडोज, ऑफिस आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ. दुसरं काय होणार. तो तुम्ही सोडवलात. मी स्वतः ३० जीबी मोकळी असल्याशिवाय हे काम सुरू करत नाही, तेवढी आहे का ते एकदा बघून घ्या.

दुसरा कोड खरा बोलका आहे. सी१९००१०१ दिसला की संशय ड्रायव्हरवर, म्हणजे एखादं उपकरण विंडोजला वापरता यावं म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर घ्यायचा. आणि पुढच्या ३००१८ मधला पहिला तीन सांगतो की गाडी कुठे अडली. एक असेल तर जुनं विंडोज चालू असतानाच अडली. दोन म्हणजे मधल्या तात्पुरत्या छोट्या विंडोजमध्ये. तीन म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा उभं राहताना, चार म्हणजे त्याच्याही पुढे. तुमच्याकडे तीन आहे: नवं विंडोज उठून उभं राहिलं, घरातली उपकरणं ओळखायला लागलं आणि एका कुणाच्या तरी ड्रायव्हरने उत्तरच दिलं नाही. मग त्याने शहाणपणा करून स्वतःला मागे घेतलं. फायली शाबूत राहिल्या त्या त्यामुळेच.

एसएफसी आणि डिसमच्या आज्ञा चालवा असं तुम्हाला बरेच जण सांगतील. त्या वाईट नाहीत, विंडोजच्या स्वतःच्या बिघडलेल्या फायली त्या दुरुस्त करतात. पण तुमचा अडथळा बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा आहे, तिथे त्यांचा फार उपयोग नाही.

हाच कोड राजेंद्र नगरला आमच्या शेजारच्या काकांकडे आला होता. मोबाइलचा टॉर्च लावून कॅबिनेटच्या मागे वाकलो तर प्रिंटर, यूपीएसची डेटा वायर, वेबकॅम, आणि धुळीत अर्धवट बुडालेला नखाएवढा वायफाय डोंगल, निळा दिवा लुकलुकत. राउटर हॉलमध्ये म्हणून कधीकाळी आणलेला, ड्रायव्हर सोबतच्या सीडीवरून टाकलेला. काकांना तो तिथे आहे हेच आठवत नव्हतं. काढला, त्याचा ड्रायव्हर पुसला, आणि त्या संध्याकाळी अपडेट सरळ पार पडलं.

तुम्हीही तसंच करा. माऊस, कीबोर्ड आणि मॉनिटर सोडून मागचं-पुढचं सगळं काढा. यूपीएसची पॉवरची वायर राहू द्या, फक्त यूएसबीची काढा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यूमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा. कधीच घरातून गेलेल्या वस्तूंची नावं तिथे फिकट रंगात दिसतील: जुना प्रिंटर, जुनं नेट सेटर. आपल्याला ओळखता येतात तेवढीच अनइन्स्टॉल करा, आणि ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करायचा चौकोन दिसला तर त्यात खूण करा. ‘सिस्टिम डिव्हायसेस’ खाली काय आहे त्याला हात लावू नका. विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्याची लायसन्स की लिहून ठेवून तो पूर्ण काढा, नुसता बंद करून चालत नाही. तेवढ्या वेळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप काम हातात घेतो.

अपडेट आता सेटिंग्जमधून करू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ, म्हणजे अख्खं विंडोज असलेली एकच मोठी फाइल, उतरवा, ५ जीबीपेक्षा मोठी आहे, म्हणून घरच्या ब्रॉडबँडवर. तिच्यावर डबल क्लिक केलं की ती वेगळा ड्राइव्ह म्हणून उघडते, त्यातलं सेटअप चालवा. पहिल्याच पडद्यावर सेटअपने अपडेट कसे डाउनलोड करायचे ते बदलायचा दुवा असतो, तिथे ‘नॉट राइट नाऊ’ निवडा. पुढे ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ निवडलेलं असलंच पाहिजे.

इथे एक मेख आहे. तो पर्याय फिका दिसत असेल आणि निवडता येत नसेल तर तिथेच थांबा आणि खिडकी बंद करा. बहुतेक वेळा भाषा जुळत नसते: आयएसओ घेताना ‘इंग्लिश’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ असे दोन पर्याय असतात, एक अमेरिकन, दुसरा ब्रिटिश. बाबांचं मूळ विंडोज ज्यातलं आहे तीच आयएसओ लागते. दुसरी उतरवून बघा. ‘चालतंय, नथिंग निवडू’ असं मात्र करू नका, ‘नथिंग’ म्हणजे फायली आणि ॲप्स काहीच पुढे न नेणं.

काम सकाळी सुरू करा, संध्याकाळी नको. आपल्याकडे पाऊस-वाऱ्याच्या दिवसांत लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि घरच्या यूपीएसवर दीड तास निघत नाही. टक्के एका आकड्यावर बराच वेळ अडून बसतात, तेव्हा टक्क्यांकडे नाही, कॅबिनेटवरच्या डिस्कच्या छोट्या दिव्याकडे बघा. तो अधूनमधून लुकलुकतोय तोवर पॉवरच्या बटणाला हात नको.

झालं की उपकरणं एकेक करून जोडा, दरवेळी एकदा रीस्टार्ट. आणि जागेसाठी म्हणून विंडोज.ओल्ड फोल्डर लगेच पुसू नका. १० दिवस मागे विंडोज १० वर जाता येतं ते त्याच्याच जोरावर, आणि बाबांना काही अडलं तर ते याच दिवसांत कळेल.

घाईचं म्हणाल तर, विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो. आधी तिथे नोंदणी करून टाका. म्हणजे हे सगळं एखाद्या मोकळ्या रविवारी शांतपणे करता येईल.

एवढं करूनही परत मागे फिरलंच, तर सी ड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये लॉग्ज, त्यात सेटअपडायग नावाचं फोल्डर बघा. आतली रिझल्ट्सची फाइल नोटपॅडमध्ये उघडते. कुठल्या ड्रायव्हरपाशी अडलं त्याचा उल्लेख पुष्कळदा त्यात सापडतो. त्या ओळी जशाच्या तशा मला लिहून पाठवा, बरोबर नवा कोडही. आणि बाबांच्या फायली तुमच्या लॅपटॉपवर मराठीत उघडल्या का, ते त्याच्याही आधी कळवा.