कोडिंग येत नाही, मग बेब्रासला बसवायचं का?

शाळेत बेब्रास या संगणकासारखा पायरीपायरीने विचार करायला लावणाऱ्या स्पर्धेची नावनोंदणी सुरू झाली की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘हिला कोडिंग येत नाही, गणितही बेताचंच. बसवू का? की आधी क्लास लावू?’

क्लास नको. 2004 साली लिथुआनियात प्राध्यापक व्हॅलेंटिना डागिएने यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या स्पर्धेत प्रोग्रॅम लिहायचा नसतो. छोटी कोडी असतात, प्रत्येक साधारण तीन मिनिटांत सुटावं अशा बेताने रचलेली. भारतात सीएसपाठशाळा या शाळांमधल्या संगणक-शिक्षणासाठीच्या उपक्रमातर्फे ती होते आणि मराठीतूनही देता येते.

माझ्याकडे आलेली सातवीतली एक मुलगी (तपशील बदलले आहेत) नमुना प्रश्न उघडला की गप्प व्हायची.

“हे कुठल्या धड्यातलं तेच कळत नाही, मॅडम.”

“नाही कळलं तर?”

“म्हणजे मला येत नाही.”

गोम इथेच होती. प्रश्न नीट वाचून व्हायच्या आधीच तिचा निकाल लागलेला असे. भीती प्रश्नापेक्षा अशा निकालातून येते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी धीर देत बसत नाही, तो निकाल तपासायला लावते.

तिच्यापुढे एक कोडं ठेवलं. पाच डबे एकावर एक रचलेत. लाल हिरव्याच्या वर, निळा लालच्या वर, पिवळा हिरव्याच्या खाली, पांढरा निळ्या आणि लालच्या मधे कुठेतरी. सगळ्यात वर कोण?

“सूत्र कुठलं?”

“सूत्र नाही. पहिल्या अटीचं चित्र काढ, बाकीच्या झाकून ठेव.”

तिने लाल काढला, खाली हिरवा. मग लालच्या वर निळा. तिसऱ्या अटीला पिवळा तळाशी गेला. पांढऱ्यापाशी पेन्सिल अडली. तिने निळा खोडून जरा वर सरकवला आणि फटीत पांढरा बसवला. निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा.

“पण हे मला येत नव्हतं.”

“आणि सुटलं?”

“हो… येत नसतानाच सुटलं.”

हे वाक्य मी तिच्याच अक्षरात वहीवर लिहून घेतलं. एरवी महिनोन्‌महिने समजावून जे उतरत नाही, ते असं स्वतःच्या तोंडून आलं की टिकतं.

पुढचा सराव साधा ठेवला. रोज जुन्या वर्षांची दोनच कोडी, घड्याळ लावून. आधी शेवटची ओळ, म्हणजे विचारलंय काय ते. मग एकेक अट कागदावर. सगळ्या अटी एकदम डोक्यात धरायला गेलं की तिसरीला पहिली निसटते. उत्तरं दिलेली असतील तर एका अटीत न बसणारे पर्याय लगेच खोडायचे. आकडे मोठे असले तर आधी दोन-तीन वस्तूंवर करून बघायचं. तीन मिनिटांत नाही जमलं तर खूण करून पुढे, कारण एका कोड्याच्या हट्टापायी पुढची सोपी कोडी हातची जातात. बऱ्याच चुका तर ‘कोणते शक्य नाही’मधला ‘नाही’ न वाचल्याने होतात.

काही कोड्यांत चित्रं ओढून जागेवर ठेवायची असतात. फक्त मोबाइल वापरणारं मूल तिथे माउसशीच झगडत बसतं. त्यामुळे निदान दोनदा संगणकावर सराव हवा. चुकीला गुण कापतात का आणि कच्चा कागद चालतो का, हे शिक्षकांना आधीच विचारा. कापत नसतील तर एकही उत्तर कोरं सोडू नये.

आणि घरी आल्यावर ‘किती आले?’ विचारण्याऐवजी ‘कुठलं कोडं भारी होतं?’ विचारा. या मुलीच्या वडिलांनी विचारलं, तर तिने त्यांनाच सोडवायला बसवलं.