कृषी सल्ला : सायप्रिनस नराचे वीर्य गोठवून ठेवताना

प्रश्न : आमच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प माशाचे नर आधी तयार होतात, माद्या मागाहून. म्हणून नरांचे वीर्य बाटलीत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवले. नंतर वापरले तर एकही अंडे फळले नाही. गुरांच्या दवाखान्यात असतो तसा नायट्रोजनचा कंटेनर घेतला तर जमेल का?

उत्तर : जमेल, पण कंटेनर हा त्यातला सोपा भाग. उणे २० अंशांचा फ्रीजर या कामी निरुपयोगी. तिथे वीर्य सावकाश गोठते. बर्फाचे स्फटिक आणि दाटलेले क्षार शुक्राणूंची आवरणे निकामी करतात. साठवण उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्येच हवी.

खरे नुकसान बहुधा गोठवण्याआधीच होते. माशाचे शुक्राणू वीर्यात निपचित असतात. पाणी किंवा लघवी लागली की पोहू लागतात आणि मिनिट-दीड मिनिटात संपतात. म्हणून नराचे पोट व गुदद्वाराजवळचा भाग कोरड्या कापडाने टिपा, पहिले थेंब सोडून द्या, पुढचे कोरड्या सिरिंजमध्ये ओढा. रक्ताळलेले वा पाणचट वीर्य नको. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता थेंब पाहा. पाणी न घालताच वळवळ दिसली तर ते वीर्य वाया गेले. सुईच्या टोकाएवढ्या वीर्यात पाण्याचा थेंब घातल्यावर मात्र बहुतेक शुक्राणू धावायला हवेत.

द्रावण : एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ग्लुकोज ६३ ग्रॅम, ट्रिस (सामू स्थिर ठेवणारे रसायन) ३.६ ग्रॅम, सामू (पीएच) ८. हे द्रावण ८ मिली घेऊन त्यात गोठताना शुक्राणूंना जपणारे १ मिली शुद्ध मिथेनॉल मिसळा, बर्फात थंड करा आणि मगच १ मिली वीर्य घाला. मिथेनॉल सरळ वीर्यावर ओतले तर शुक्राणू जागीच मरतात. मिसळल्यावर रेंगाळू नका. अर्धा मिलीच्या कांड्या (प्लास्टिकच्या बारीक नळ्या, स्ट्रॉ) लगेच भरा, टोकाशी थोडी हवा ठेवून बंद करा आणि प्रत्येकीवर नराचा क्रमांक व तारीख घाला.

थर्माकोलच्या खोक्यात नायट्रोजन ओता. त्यावर ३ सेंटिमीटर जाडीची थर्माकोलची चौकट तरंगत ठेवून कांड्या आडव्या मांडा. ३ मिनिटांनी त्या द्रवात ढकला. थेट बुडवल्या तर पेशीतले पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि आतच बर्फ धरतो.

वापरताना कांडी ४० अंशांच्या पाण्यात १३ सेकंद धरा. अंदाजपंचे नको, थर्मामीटर आणि घड्याळ हवेच. कांडी पुसून कापा, कोरड्या अंड्यांवर सोडा, पिसाने फिरवा आणि लगेच लिटरला ४ ग्रॅम मीठ व ३ ग्रॅम शुद्ध युरिया घातलेले पाणी टाका. शेतातला युरिया चालणार नाही. या पाण्यात शुक्राणू साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतात आणि अंड्यांचा चिकटपणाही कमी होतो.

आता हिशेब. कांडीत ०.०५ मिली वीर्य, म्हणजे साधारण १०० कोटी शुक्राणू. अंड्यामागे एक लाख धरले तर एक कांडी दहा हजार अंड्यांना पुरते, वजनाने सुमारे १० ग्रॅम. किलोभर अंड्यांना शंभर कांड्या लागतील. त्यामुळे विक्रीच्या मत्स्यजिऱ्यासाठी (अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांसाठी) हा खटाटोप करू नका. दुसऱ्या केंद्रातल्या चांगल्या नरांचे वीर्य आणून आपल्या प्रजनकांतली सगोत्र (जवळच्या नात्यातली) पैदास मोडायची असेल, तर मात्र तो सार्थकी लागतो. मादीची बाजू जिवंतच सांभाळावी लागेल, कारण माशाची अंडी अशी गोठवता येत नाहीत. कटला-रोहूसाठी साधारणतः मिथेनॉलऐवजी १० टक्के डीएमएसओ (तेच काम करणारे दुसरे रसायन) वापरतात. त्यासाठी लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे विचारणा करा. वरचे प्रमाण कटला-रोहूला लावू नका.

नायट्रोजन हवेशीर जागीच हाताळा, डोळ्यांना चष्मा, हातात सैल चामडी हातमोजे. कंटेनरचे झाकण कधीही घट्ट आवळू नका. पातळी दर आठवड्याला लाकडी पट्टीने मोजा. प्रत्येक नराच्या दोन कांड्या दुसऱ्याच दिवशी वितळवून पाहा. ताज्याच्या निम्मेही शुक्राणू पोहत नसतील, तर त्या नराच्या उरलेल्या कांड्या ठेवून जागा अडवू नका.