‘अंडरटेक’ म्हणजे नेमके काय पत्करणे?

ताई, मुलीला सांगलीत अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रातील ‘अंडरटेक’ या क्रियापदाचा अर्थ कोशात ‘हाती घेणे’ असा दिला आहे आणि तो वाक्यात बसत नाही, असे आपण लिहिले आहे. कोश बरोबर आहे. फक्त या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांतला कोणता घ्यायचा, हे त्याच्या पुढे काय येते यावरून ठरते.

पुढे एखादे काम सांगणारे नाम असेल, तर अर्थ ‘हाती घेणे’. महापालिकेने पुलाची दुरुस्ती हाती घेतली, हे वाक्य असेच होईल. पण पुढे ‘टू’ आणि क्रियापद आले, किंवा ‘दॅट’ने सुरू होणारे वाक्य आले, तर अर्थ ‘हमी देणे’ असा होतो. आपल्याकडे गवंडी एखादे बांधकाम ‘अंगावर घेतो’, तेव्हा काम घेणे आणि ते पुरे करून देण्याची जबाबदारी पत्करणे या दोन्ही गोष्टी त्यात असतात. इंग्रजी क्रियापदाचे हे दोन अर्थही असेच एकमेकांना लागून आहेत.

आपल्या हातातील मसुदा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांतून आलेला आहे आणि तो फार काळजीपूर्वक लिहिलेला आहे. मुलीला यापूर्वी रॅगिंगच्या कारणावरून कोणत्याही संस्थेतून काढून टाकलेले नाही, या विधानासाठी तेथे ‘डिक्लेअर’ हे क्रियापद आहे, कारण ते घडून गेलेल्या काळाविषयी आहे; यापुढे ती तसे वागणार नाही, यासाठी मात्र ‘अंडरटेक’ आहे. पहिले निवेदन, दुसरी हमी. शिवाय विद्यार्थ्याचे आणि पालकाचे प्रतिज्ञापत्र वेगवेगळे असते, आणि पालकाच्या कागदावर आपण स्वतःच्या नव्हे, तर पाल्याच्या वागण्याची हमी देत असता. माझ्या मते, सही करण्यापूर्वी याच ओळीवर थांबायला हवे.

‘नॉट’ कोठे येते, हेही पाहावे. ‘वुई अंडरटेक नॉट टू डिस्क्लोज’ म्हणजे माहिती उघड न करण्याची हमी आम्ही देतो. तेच ‘नॉट’ क्रियापदाआधी सरकून ‘वुई डू नॉट अंडरटेक टू रिप्लाय’ झाले, की अर्थ होतो, उत्तर देण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही. उत्तर देतील किंवा देणारही नाहीत. पहिल्या वाक्यात लिहिणारा बांधला जातो, दुसऱ्यात तो स्वतःला मोकळा ठेवतो. कंपन्यांच्या अटींमध्ये ही दुसरी रचना वारंवार भेटते आणि घाईत वाचणाऱ्याला ती वचनासारखी वाटते.

‘प्रॉमिस’शी तुलना करायची, तर ते घरीदारी चालते, ‘अंडरटेक’ औपचारिक आहे आणि बहुधा लेखी व्यवहारात येते. न्यायालयाला दिलेल्या हमीचा जाणूनबुजून भंग केला, तर न्यायालय अवमान अधिनियम, 1971 नुसार तो दिवाणी अवमान ठरतो. महाविद्यालयाला दिलेली हमी त्या प्रकारची नाही, पण त्यातील निवेदन खोटे आढळल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो, हे त्याच मसुद्यात नमूद आहे.

‘अंडरटेकिंग’ या नामाला मात्र हमीपत्राखेरीज ‘उपक्रम’ असाही अर्थ आहे. मुंबईच्या ‘बेस्ट’ला मराठीत उपक्रम म्हणतात, तो याच अर्थाने.

मुलीला तिचा आणि आपला, असे दोन्ही कागद शेजारी ठेवून स्वतः वाचायला सांगावे. आपण तिच्या वतीने काय लिहून देत आहात, हे तिला सहीच्या आधीच कळलेले बरे.