पाण्याच्या कॉकला हात लावू नका, आधी बिल दुरुस्त करा

प्रश्न : आमची ४८ फ्लॅटची नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी आहे. मी सेक्रेटरी. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या एका सभासदाने २६ महिने मेंटेनन्स भरलेला नाही. महिना ३,२०० प्रमाणे मुद्दलच ८३,२०० रुपये होतं. त्यावर आम्ही महिना २ टक्के चक्रवाढ व्याज लावलंय. ‘गच्चीतून घरात पाणी गळतंय, ते थांबवा, मग पैसे देतो,’ असं तो म्हणतो. त्याने पॅसेजमध्ये ग्रिलचं दार बसवलं म्हणून कमिटीने रोज ५०० रुपये दंड लावला. १२० दिवसांचे ६०,००० बिलात चढवलेत. आता त्याचं पाणी बंद करता येईल का?

उत्तर : नाही. थकबाकीपोटी सभासदाचं पाणी तोडण्याचा अधिकार सोसायटीला ना सहकार कायदा देतो, ना उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली. कॉक बंद केलात की तो मनाई हुकूम आणायला धावेल, आणि २६ महिन्यांची थकबाकी बाजूला राहून सगळी चर्चा त्याच्या कोरड्या नळाची होईल.

खरं सांगायचं तर तुमचा हिशेब वाचून मला त्याच्यापेक्षा तुमचीच काळजी वाटली. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) थकबाकीवर वर्षाला कमाल २१ टक्के व्याज घेता येतं, तेही सरळव्याज. तुमच्या सर्वसाधारण सभेने कमी दर ठरवला असेल तर तोच लागू. तुम्ही लावलंय वर्षाला २४ टक्के आणि वर चक्रवाढ. दंडाचं तर विचारूच नका. कोणत्या उल्लंघनाला किती दंड, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं असतं. कमिटीच्या बैठकीत चहा पिता पिता नव्हे. मग सभासदाला लेखी समज, तरी ऐकलं नाही तर कारणे दाखवा नोटीस, त्याचं म्हणणं ऐकून घेणं आणि त्यानंतर दंड. आणि एका आर्थिक वर्षात तो ५,००० रुपयांच्या वर जात नाही. तुमचे ६०,००० टिकणार नाहीत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या ८३,२०० कडेही संशयाने पाहिलं जाईल. ते बिलातून काढा, व्याज नव्याने मोजा आणि सुधारित मागणीपत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. पोच जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थकबाकीदारांची यादी टाकणं म्हणजे नोटीस देणं नव्हे. त्यातून फार तर भांडण वाढतं.

तरीही पैसे आले नाहीत तर कमिटीचा ठराव करा आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-२९ खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. २०१९ पूर्वी हेच काम कलम १०१ खाली चालायचं. सोबत बिलं, मागणीपत्रं आणि पोच, खातेउतारा, ठराव आणि व्याजाची तरतूद असलेली उपविधींची प्रत जोडा. त्यालाही सुनावणी मिळेल. दाखला निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वसुली अधिकारी जप्ती करू शकतो आणि प्रकरण फ्लॅटच्या लिलावापर्यंत जाऊ शकतं. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (फेरतपासणीची मागणी) करायचा तर त्याला ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. बहुतेक थकबाकीदार याच टप्प्यावर चेकबुक काढतात.

‘मुदत निघून जाईल’ म्हणून चुकीचा हिशेब घाईघाईने दाखल करू नका. सहकारी न्यायालयातल्या थकबाकीच्या दाव्याची मुदत कलम ९२ प्रमाणे सभासद वारला किंवा त्याचं सभासदत्व संपलं, त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तो सभासद आहे तोवर ती सुरूच होत नाही.

आता गळती. इथे तो निम्मा बरोबर आहे, हे कमिटीला आवडणार नाही, पण ऐका. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी थांबवणं सोसायटीच्या खर्चाचं काम आहे. म्हणून मेंटेनन्स अडवण्याचा हक्क मात्र त्याला मिळत नाही. दुरुस्ती होत नसेल तर त्याने सहकारी न्यायालयात जावं. तरी तुम्ही या आठवड्यातच गच्ची तपासून घ्या, फोटो काढा आणि काम कधी सुरू करणार ते त्याला लेखी कळवा. उपनिबंधकांपुढे तो पहिला मुद्दा हाच काढणार आहे.

ग्रिलची फाइल वेगळी ठेवा. पॅसेज सामायिक आहे आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाटही तीच. लेखी समज देऊन उपयोग झाला नाही, तर महापालिका आणि अग्निशमन विभागाकडे तक्रार करा.

आणि मधेच त्याने थोडीफार रक्कम देऊ केली तर ‘पूर्ण भरा, नाहीतर नको’ म्हणून चेक परत करू नका. घ्या, पावती द्या, पावतीवर ‘थकबाकीपोटी अंशतः जमा’ असं लिहा आणि उरलेल्या रकमेचा अर्ज चालू ठेवा.