बाबा भरपूर पाणी पितात तरी पोटऱ्यात गोळे येतात, काऊन?

भाऊ, तुम्ही लिहिलं की बाबा मे महिन्यात दिवसभर वावरात पऱ्हाटी वेचतात, पाण्याची कॅन संपवतात, तरी संध्याकाळी पोटऱ्यात गोळे येतात, डोकं दुखते, लघवी कमी न् पिवळी होते, म्हणून किडनीची भीती वाटते. एकदा तपासून घ्याच, पण मले त यात मीठ कमी पडल्यासारखं दिसते.

मेंदूतला हायपोथॅलॅमस अंगाचं तापमान ३७ डिग्रीच्या आसपास धरून ठेवते. आपल्याकडं पारा ४५ वर गेला की हवाच अंगापेक्षा गरम, मग घाम वाळणं हा एकच रस्ता उरते. लिटरभर घाम अंगावर वाळला त जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते, अन् जड कामात तासाले लिटरभर घाम सहज निघते. त्याच्यासोबत मीठ बी जाते, बाबांची बनेन वाळल्यावर पाठीवर पांढरे पट्टे दिसतात का ते पाहा.

पाणी कमी झालं की व्हॅसोप्रेसिन हार्मोन किडनीले पाणी रोखायले लावते, लघवी पिवळी होते ती त्याच्यानं. अल्डोस्टेरॉन हे दुसरं हार्मोन मीठ वाचवते, लघवीतलं बी न् घामातलं बी, पण उन्हाची अशी सवय लागायले एक-दोन आठवडे जातात, म्हणून उन्हाळ्याचे पहिले दिवस सगळ्यात बेकार. आता अशात नुसतं पाणी ढोसलं त रक्तातलं सोडियम (मिठातलाच एक भाग) पातळ होते, मेंदूले वाटते पाणी झालं पुरे, तहान मरते न् तूट भरून निघायच्या आधीच पाणी लघवीवाटे निघून जाते. तरीबी पीतच राहिलं त सोडियम घसरून डोकेदुखी, मळमळ, जास्त झालं त झटके.

म्हणून मीठ टाकलेलं ताक, भाकर, नाहीतर ओआरएस द्या. घरी करायचं त १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर न् अर्धा चमचा मीठ, मीठ याच्यावर नको. साखर चवीसाठी नाही बरं, आतड्यात ग्लुकोज सोबत असलं की सोडियम लवकर आत जाते न् मागून पाणी जाते. १९७१ मधे पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच्यावरच कॉलऱ्याचे कितीतरी पेशंट वाचवले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. माणूस बरळायले लागला, अंग १०४ फॅरनहाइटच्या वर तापलं, त घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. १०८ ले फोन करा, सावलीत न्या, कपडे ओले करून पंखा मारा, शुद्ध नसली त तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, तापात मेंदूच तापमान वर ठरवते म्हणून ती गोळी चालते, इथं मेंदूनं काही वर ठरवलेलं नसते, शरीराले उष्णता बाहेर टाकणंच जमत नसते.

बाबांले बीपीची गोळी चालू आहे का? काही गोळ्या लघवीवाटे मीठ-पाणी काढतात, तसं असलं त मीठ वाढवायच्या आधी गोळीचं पाकीट डॉक्टरले दाखवा.