कलेचा अभ्यासक्रम बनवायचाय? मग आधी डिग्रीचं बघ

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात जीडी आर्ट करतेय, पेंटिंग. सुट्टीत एका शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवली, तिथं कलेच्या तासाला सर्रास गणित घेतात. मला देशभरातल्या शाळांचा कला अभ्यासक्रम बनवणाऱ्या टीममध्ये जायचंय, एनसीईआरटीत (देशाची शालेय पुस्तकं बनवणारी संस्था) वगैरे. घरचे म्हणतात एटीडी (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) कर आणि गप शाळेत लाग. काय करू?

उत्तर: अगं, घरच्यांवर चिडू नकोस, ते निम्मं बरोबर बोलतायत. अभ्यासक्रम बनवणं ही परीक्षा देऊन मिळणारी नोकरी नाही. समिती बसते, काम होतं, समिती उठते, आणि त्यात बोलावतात ते वर्गात शिकवलेल्या आणि त्यावर चार ओळी नीट लिहिलेल्या माणसांना, म्हणजे पोटापाण्याचं दुसरं काहीतरी हवंच. एनसीईआरटीत कला शिक्षणाचा वेगळा विभाग आहे, पण तिथल्या जागा मोजक्या आणि त्याला मास्टर्स, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी असं सगळं लागतं. त्यामुळं एटीडी जरूर कर. फक्त तिथंच थांबू नको.

आता खरी मेख. जीडी आर्ट हा डिप्लोमा आहे, बीएफएसारखी कलेची डिग्री नाही. उद्या तुला एमए एज्युकेशन करायचं झालं, मुंबईला टिस म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात, तर ग्रॅज्युएशन मागणार. नेटचंही तेच, त्यात व्हिज्युअल आर्ट आणि एज्युकेशन दोन्ही विषय आहेत पण प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी आधी मास्टर्स पाहिजे. म्हणून मुक्त विद्यापीठातून नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बीए सुरू कर की. एक रेग्युलर आणि एक दूरस्थ कोर्स एकाच वेळी करायला यूजीसीनं २०२२ मध्ये मोकळीक दिलीय, तरी तुझ्या कॉलेजचं काय म्हणणं आहे ते विचार, आणि समकक्षता (डिप्लोमा डिग्रीच्या बरोबरीचा धरतात) वगैरे कुणी सांगितलं तर लेखी घे, तोंडी आश्वासनावर वर्ष घालवू नको.

एवढं झालं की मग कामाचं. देशाचा शालेय शिक्षणाचा आराखडा २०२३ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा. त्यात कला हा स्वतंत्र विषय धरलाय आणि कला म्हणजे नुसती चित्रकला नव्हे, दृश्यकला, नाट्य, संगीत, नृत्य असं चारी. त्यावरून एनसीईआरटीनं २०२४ मध्ये तिसरीसाठी ‘बांसुरी’ आणि सहावीसाठी ‘कृति’ ही पुस्तकं काढली, ती साइटवर फुकट आहेत, डाउनलोड कर आणि दोन्ही शेजारी ठेवून वाच. तिसरीतलं पोर जे करतं त्याच्या पुढं सहावीतलं काय करतं, हे दिसतंय का बघ. आराखडा, मग अभ्यासक्रम, मग पुस्तक, मग शिक्षकांचं ट्रेनिंग, प्रत्येक पायरीला काहीतरी गळतं आणि कलेत जरा जास्तच गळतं, कारण अनेक शाळांत शिकवायला माणूसच नसतो.

अशा पुस्तकाचा किंवा आराखड्याचा रिव्ह्यू म्हणजे ‘छान आहे’, ‘बोअर आहे’ असं मत देणं नव्हे. समज अध्ययन निष्पत्तीत, म्हणजे शिकून पोराला काय यायला हवं ते सांगणाऱ्या वाक्यात, लिहिलंय ‘विद्यार्थी रंगांचा आनंद घेतो’. आता आनंद घेतला हे बाईंनी साठ पोरांच्या वर्गात कसं ओळखायचं? त्याऐवजी ‘दोन-तीन रंग मिसळून हवी ती छटा तयार करतो आणि तीच का निवडली ते सांगतो’ असं लिहिलं की बाईंना बघता येतं, नोंद करता येते, आणि मार्क देताना चित्र कुणाचं सुंदर हा वादच येत नाही. पुढचा प्रश्न, ज्या शाळेत रंगपेटीच नाही तिथं काय? हळद, कोळसा, गेरू चालेल असं पुस्तकात लिहिलंय का? आपल्याकडं एलिमेंटरी-इंटरमीजिएटची सवय आहे, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, त्या परीक्षा वाईट नाहीत पण दहावीच्या ज्यादा मार्कांसाठी पोरं त्या देतात आणि कला म्हणजे तेवढंच असं डोक्यात बसतं. तुझ्याही बसलं असणार, ते काढायला वेळ लागेल.

दुसरं, देशाचा आराखडा लिहिणारा माणूस कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कुंभारांकडं पोरांना न्या असं लिहू शकत नाही, गडचिरोलीच्या बाईंना त्याचा काय उपयोग. त्याला गावातली कला घ्यायला जागा सोडावी लागते, आणि जागा फार मोकळी सोडली तर शाळा तिथं गणित घालते, तू बघितलंच आहेस. हा तोल कसा सांभाळायचा यावरच समितीत खरी वादावादी होते असं माझं मत.

आणि तू फक्त पेंटिंगवाली राहू नको. १८८३ पासूनचा संगीताचा देवल क्लब तुझ्या गावात आहे, गायक अल्लादिया खाँसाहेब इथल्या दरबारात होते, शाहिरी आहे, मर्दानी खेळ आहेत. जाऊन बस, बघ, सहावीच्या पोराला यातलं काय करता येईल ते वहीत लिही.

राज्याच्या शालेय शिक्षणाच्या आराखड्याचा मसुदा २०२४ च्या मे महिन्यात हरकतींसाठी सगळ्यांना खुला केला होता, कुणीही लिहू शकत होतं, त्याला ना डिग्री लागत होती ना ओळख. असे मसुदे पुन्हा येतात, एससीईआरटीच्या (राज्याचा अभ्यासक्रम बनवणारी संस्था) साइटवर लक्ष ठेव. आला की कलेचा भाग काढ, त्यातली एकच निष्पत्ती घे, ज्या शाळेत शिकवलंस तिथं दोन तास मागून पोरांवर करून बघ, आणि काय जमलं, काय फसलं, शब्द कसा बदलावा, हे एका पानात लिहून पाठव. त्याची प्रत जपून ठेव, एमएच्या मुलाखतीला हीच उपयोगी पडेल.